प्रवेशानंतरच्या चार वर्षांची जबाबदारी कोणाची?

संशोधन करणाऱ्या एखाद्या इंजिनिअरने उच्च शिक्षणातल्या समावेशनाचं, म्हणजे वंचित घरांतली मुलं कॉलेजात येऊन टिकावीत यासाठीचं, काम अंगावर घेतलं, की त्याच्याबद्दल आपल्याकडे दोन तऱ्हांनी बोललं जातं. कोणी म्हणतं, मन मोठं आहे हो. कोणी हळहळतं, चांगलं डोकं भलत्या कामात अडकलं. कौतुक असो की हळहळ, मुळाशी समजूत एकच असते: हे काम इंजिनिअरिंगच्या बाहेरचं आहे, फावल्या वेळात करायचं आहे, आणि ज्याला खरं संशोधन जमतं त्याने त्यात पडू नये. ही समजूत मला पूर्णपणे अमान्य आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयात कोण टिकतं आणि कोण गळतं हा त्या महाविद्यालयाच्या रचनेचा प्रश्न आहे. आणि रचना तपासायचं शिक्षण तर आम्ही घेतलेलं आहे.

मी मुंबईत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवते. माझी पीएचडी धातूंच्या फटीगवर आहे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने धातूला तडा कसा जातो, तो कुठे सुरू होतो, किती वेगाने पुढे सरकतो, हा माझा विषय. गेली काही वर्षं त्याच्या जोडीने मी महाविद्यालयाच्या समान संधी कक्षाचं काम पाहते, आणि आता माझा जास्त वेळ तिकडेच जातो. एक विषय सोडून दुसऱ्यात गेले असं मला कधी वाटलं नाही.

फटीग शिकणाऱ्याला सुरुवातीलाच एक गोष्ट कळते. भाग तुटतो तेव्हा शेवटचा भार मोठा असतोच असं नाही. धातूच्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी भार, पण हजारो-लाखो वेळा आला, तरी तडा जातो. आणि तो बहुधा कोपऱ्यावर, भोकाच्या कडेला, खाचेपाशी सुरू होतो. १९५४ साली कॉमेट बनावटीची दोन प्रवासी जेट विमानं काही महिन्यांच्या अंतराने हवेत फुटली. त्याच बनावटीच्या विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून त्याला पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा केबिनच्या पत्र्यात कापलेल्या भोकाच्या कोपऱ्यापाशी तडा गेलेला दिसला. त्यानंतर कोणी पत्र्याच्या चारित्र्यावर चर्चा केली नाही. पुढच्या विमानांत खिडक्यांचा आकार बदलला, पत्रा जाड केला.

आता तिसऱ्या सत्रात कॉलेज सोडून गेलेल्या मुलाची फाइल उघडा. तिथे लिहिलेलं असतं, 'अभ्यास झेपला नाही' किंवा 'वैयक्तिक कारण'. म्हणजे सगळा दोष तुटलेल्या भागाचा. त्याच्यावर रोज कोणता भार येत होता, आपल्या इमारतीत, वेळापत्रकात, कार्यालयात कोणते कोपरे तीक्ष्ण ठेवले होते, हे त्या फाइलमध्ये कुठेच नसतं. यंत्राचा एक भाग मोडला तर आम्ही त्याचा पूर्ण तपास करतो, आणि माणूस निघून गेला तर दोन शब्दांत फाइल बंद करतो. मला हे सहन होत नाही. इंजिनिअर म्हणून तर मुळीच होत नाही.

दाराशी या देशाने बरंच काम केलं आहे, ते आधी मान्य करते. केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात टक्के, ओबीसींना २७ टक्के जागा आहेत. २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखल्या. मुलींचं उदाहरण तर मला फार आवडतं, कारण ते मोजून-मापून केलेलं काम आहे. साधारण २०१७ पर्यंत आयआयटीच्या बीटेकमध्ये येणाऱ्या मुली आठ टक्क्यांच्या आसपास होत्या. मंडी आयआयटीचे तेव्हाचे संचालक टिमोथी गोन्साल्विस यांच्या समितीने उपाय सुचवला: मुलांची एकही जागा कमी न करता मुलींसाठी जादा जागा निर्माण करायच्या. २०१८ साली मुलींचं प्रमाण १४ टक्क्यांवर न्यायचं ठरलं, २०१९ साठी १७ आणि २०२० साठी २०. तीन वर्षांत वर्गाचं रूप बदललं, आणि वर्ग कोसळला नाही.

पण दार उघडलं म्हणून उंबरठा ओलांडता येतोच असं नाही. २०२१ मध्ये आयआयटी मुंबईत जागा मिळालेल्या एका दलित विद्यार्थ्याची जागा गेली, कारण फी भरताना त्याचं कार्ड चाललं नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यासाठी जागा निर्माण करायला लावली. तीन वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, पुन्हा तेच. धनबादच्या आयआयटीत जागा मिळालेला एका रोजंदारी मजुराचा मुलगा. १७,५०० रुपये शेवटच्या मिनिटापर्यंत जमवता जमवता मुदत टळली, आणि न्यायालयाला घटनेच्या १४२व्या कलमाखालचे विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यावा लागला. या दोन्ही बातम्या आपण न्यायाचा विजय म्हणून वाचल्या. मी त्या वाचल्या तेव्हा मला पेमेंटचं पान बनवणारी यंत्रणा दिसली. देशातली सर्वांत अवघड परीक्षा पास झालेल्या मुलाला, पैसे भरायची खिडकी बंद झाल्यावर दाद मागायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं, आणि त्या यंत्रणेत 'उशीर झाला तर काय' याची साधी वाट कोणी ठेवलेली नसते. हे इंजिनिअरिंगचं काम आहे, आणि ते नीट झालेलं नाही.

मुंबईत तर पैशाचा प्रश्न प्रवेशाच्या दिवशी संपत नाही, त्या दिवशी सुरू होतो. महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. मोठा निर्णय आहे, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण फी म्हणजे शिक्षणाचा सगळा खर्च नव्हे. अनुसूचित जातींच्या ज्या मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. तिच्यात मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. राहण्याचे वीस हजार, म्हणजे महिन्याला सतराशेहूनही कमी. या रकमेत मुंबईत कॉट कुठे मिळते, हे ती ठरवणाऱ्यांनी एकदा स्वतः शोधून पाहावं. आणि हे पैसे तरी जूनमध्ये येतात का? महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज, त्रुटी निघाली, पुन्हा अर्ज, मग आधार बँक खात्याशी जोडलेलं नाही, मग 'निधी उपलब्ध नाही'. हप्ता येईपर्यंत मूल पुढच्या वर्गात गेलेलं असतं. तोवर मेसवाल्याला रोज तोंड चुकवायचं, रूम पार्टनरकडून उसने घ्यायचे, शनिवार-रविवार कुठेतरी डिलिव्हरीचं काम करायचं, आणि सोमवारच्या चाचणीत नापास व्हायचं. पुढे फी बाकी म्हणून हॉल तिकीट अडतं. पहिल्या सत्राच्या निकालावर आमच्या बैठका होतात, त्यांत 'अमुक विषय मुलांना कठीण गेला' हे ऐकायला मिळतं. नापास झालेल्या मुलाची शिष्यवृत्ती कधी जमा झाली होती, हा रकाना त्या तक्त्यात नसतो. तो असायला हवा. विषयाच्या अवघडपणाइतकंच ते निकालाचं कारण आहे.

वेळेचंही तसंच. आमच्याकडे कसाऱ्याहून, कर्जतहून, विरारच्याही पुढून, डहाणूकडून मुलं येतात. मुंबईत राहणं परवडत नाही म्हणून ती लोकलमध्ये राहतात, असं म्हटलं तरी चालेल. सकाळी साडेआठचं प्रॅक्टिकल गाठायला बदलापूरच्या मुलीला घर किती वाजता सोडावं लागतं, हे बदलापूरकरांना सांगायला नको. गाडी वीस मिनिटं उशिरा आली तर लॅबचं दार बंद, हजेरी गेली. ७५ टक्के हजेरीचा नियम आहेच. संध्याकाळी उलटं: प्रोजेक्टच्या टीम सहानंतर बसतात, कारण मशीन तेव्हाच मोकळं असतं, आणि ती मुलगी सहाला निघते, कारण तिला अंधार पडल्यावर स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षा मिळत नाही. प्रोजेक्टच्या अहवालात तिच्या वाट्याला टायपिंग येतं. मग आम्हीच म्हणतो की मुली हाताने काम करायला मागे राहतात. लॅबचं वेळापत्रक बनवताना मुलांचे पिनकोड समोर ठेवायला कोणता कायदा आड येतो?

काही भार पैशात आणि तासांत मोजता येत नाहीत. नवा मुलगा वसतिगृहात आला की पहिल्या दोन दिवसांत त्याला विचारतात, 'रँक किती?' विचारणाऱ्याला वाटतं, ओळख करून घेतोय. ज्याला विचारलं त्याला ठाऊक असतं की उत्तर दिलं की आपण राखीव जागेवर आलो हे कळलं, म्हणजे आपली जात कळली. आयआयटी मुंबईने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एकमेकांना जेईईची रँक किंवा गेटचे (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे) गुण विचारणं योग्य नाही, असं त्यांत स्पष्ट लिहिलं. अशी सूचना काढावी लागली याचं काहींना आश्चर्य वाटलं. मला बरं वाटलं, कारण कोणीतरी पहिल्यांदा कोपऱ्याकडे बोट दाखवलं होतं. याहून कितीतरी आधी, २०१२ साली, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) उच्च शिक्षण संस्थांत समतेचे नियम आणले होते. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा, भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी हवा. ते किती पाळले गेले? २०१९ साली दोन आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एक, हैदराबाद विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला; दुसऱ्या, मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवीच्या आई आबेदा तडवी. त्यांची तक्रार हीच, की हे नियम कागदावरच राहिले. ज्यांच्या मुलांनी आत्महत्या केली त्यांना हे न्यायालयात जाऊन सांगावं लागलं, संस्थांनी स्वतःहून सांगितलं नाही.

भाषेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर आपल्याकडे भावनेच्या भरात बोलणारे पुष्कळ आहेत. २०२१ पासून जेईई मेन मराठीत देता येते. जेईई अॅडव्हान्स्ड मात्र इंग्रजी आणि हिंदीतच आहे. त्याच वर्षी एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, मराठीसह आठ भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. मी त्याच्या बाजूने आहे. पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला वेगळ्या वर्गात बसवणं एवढाच त्यावरचा इलाज नाही. त्याच वर्गात, त्याच फळ्यासमोर, 'स्ट्रेस' आणि 'स्ट्रेन' यांतला फरक मराठीत दोन वाक्यांत सांगितला, तोंडी परीक्षेत 'मराठीत सांगितलंस तरी चालेल' म्हटलं, तर पुष्कळ गाठी सुटतात. शहापूरच्या आश्रमशाळेतून आलेला मुलगा तोंडी परीक्षेत गप्प बसतो, तेव्हा त्याला उत्तर येत नसतं असं नाही. त्याच्या मनात इंग्रजी वाक्य तयार होईपर्यंत परीक्षकाने पुढचा नंबर पुकारलेला असतो.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते अंध विद्यार्थ्यांच्या प्रश्नाने. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांसाठी एक केंद्र चालतं, झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्ड. तिथलं काम पाहिलं की 'हे शक्यच नाही' म्हणायची सवय मोडते. संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर आज फुकट मिळतात. एनव्हीडीए हे त्यांतलं एक. अंध मुलगा त्यावर पुस्तक ऐकतो, प्रोग्राम लिहितो. अडतं कुठे? आम्ही प्राध्यापक नोट्स देतो त्या बहुतेक वेळा हाताने लिहिलेल्या पानांचे फोटो असतात. टाइप केलेल्या पीडीएफमध्येसुद्धा समीकरण चित्र म्हणून चिकटवलेलं असतं. सॉफ्टवेअर चित्रापाशी येतं आणि गप्प होतं. पूर्ण पान वाचून होतं, समीकरण तेवढं राहतं, आणि इंजिनिअरिंगचं पान समीकरणाशिवाय वाचून उपयोग काय? तीच समीकरणं लेटेक् किंवा मॅथएमएल या गणित लिहायच्या संगणकीय पद्धतींत लिहिली तर वाचून दाखवता येतात. आकृत्या उठावाच्या कागदावर काढून बोटांनी वाचता येतात. कायदाही आड येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अपंग वाचकांसाठी सुलभ प्रती करायची मुभा मिळाली आणि २०१४ मध्ये याविषयीचा मराकेश करार मान्य करणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१३ मध्ये, दिल्लीचा एक अंध विद्यार्थी, ज्याला आयआयटीच्या प्रवेश परीक्षेला लेखनिक मिळू शकला नाही, तो अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकायला गेला. त्याची बुद्धी दोन्हीकडे तीच होती.

इथे नेहमी एक प्रश्न येतो आणि तो विचारणारे सगळेच काही वाईट हेतूने विचारत नाहीत: मग पातळी खाली आणायची का? गुणवत्तेचं काय? समीकरण वाचता येईल असं लिहिलं म्हणून ते सोपं होत नाही. लॅब साडेआठऐवजी साडेनऊला घेतली म्हणून प्रयोगाची अचूकता कमी होत नाही. शिष्यवृत्ती वेळेवर दिली म्हणून पेपरातला एकही प्रश्न गळत नाही. मी माझ्या विषयात आजवर अभ्यासक्रमाची एक ओळही हलकी केलेली नाही आणि करणारही नाही. उलट, मेसचं बिल डोक्यात घेऊन परीक्षेला बसलेल्या मुलाचे गुण पाहून आपण त्याच्या बुद्धीबद्दल निष्कर्ष काढतो, तेव्हा मोजमाप आपलंच चुकतं. उपकरण नीट लावलेलं नसताना घेतलेलं रीडिंग आम्ही लॅबमध्ये स्वीकारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०२२ च्या निकालात, वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातल्या ओबीसी आरक्षणाच्या प्रकरणी, हेच सांगितलं: स्पर्धा परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता, अशी संकुचित व्याख्या करता येणार नाही.

महाराष्ट्राला हा विचार बाहेरून आणायची गरजच नाही. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेल्या निवेदनात सांगितलं होतं, की शेतकऱ्याच्या घामातून आलेला महसूल सरकार वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च करतं. खर्च कोणाचा आणि लाभ कोणाला, हा हिशेब त्यांनी मांडला. शाहू महाराजांची तर क्रमवारीच पाहण्यासारखी आहे. कोल्हापुरात नोकऱ्यांतल्या पन्नास टक्के राखीव जागांचा त्यांचा हुकूम २६ जुलै १९०२ चा. त्याच्या आधी १९०१ मध्येच व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं होतं, आणि पुढे वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहं निघत गेली. जागा राखायच्या आधी मुलाच्या झोपण्या-जेवण्याची सोय, हे त्यांना कळलं होतं. कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था उभी केली तीही वसतिगृहांच्या आणि 'कमवा आणि शिका'च्या बळावर. आणि आपल्या मुंबईत, १९४६ साली, डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले, दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून. मुलाने कॉलेजच्या वेळेत बसावं अशी अट त्यांनी घातली नाही, कॉलेजची वेळ मुलाच्या दिवसात बसवली. वेळापत्रक, वसतिगृह, जेवण: आपल्या थोर माणसांनी समावेशन असं केलं. आम्ही त्यांच्या तसबिरी कार्यालयात लावतो आणि वेळापत्रक जसंच्या तसं ठेवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलींच्या बाबतीत कमला सोहोनींची गोष्ट मी वर्गात नेहमी सांगते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची परीक्षा वरच्या क्रमांकाने पास होऊन त्यांनी बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा अटींवर प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष अजमावून पाहण्याचं, आणि तुमच्यामुळे इतरांचं लक्ष विचलित होता कामा नये. त्यांनी काम करून दाखवलं, पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेतली, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नीरेवर, कडधान्यांवर संशोधन केलं आणि त्या संस्थेच्या संचालक झाल्या. या कथेत सगळे टाळ्या वाजवतात. मला मात्र अटी टोचतात. सगळ्या अटी त्यांच्यावर होत्या, संस्थेवर एकही नव्हती. त्यापुढची गोष्ट कमी जणांना ठाऊक आहे. १९७३ मध्ये मुंबईतल्या वैज्ञानिक स्त्रियांनी मिळून इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन काढली. वाशीला तिचं केंद्र आहे. तिथे व्याख्यानं होतात, विज्ञानप्रसार होतो आणि त्याबरोबर नोकरदार स्त्रियांचं वसतिगृह आहे, पाळणाघर आहे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बायकांनी स्वतःला आणि इतर जणींना टिकून राहायला काय लागतं ते ओळखलं आणि बांधलं. त्यांना कोणी विचारलं नसेल का, की बाई, तुमचं संशोधन सोडून हे काय?

संशोधकाची शिस्त या कामात काय करू शकते याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेतलं आहे. एमआयटीतल्या जीवशास्त्रज्ञ नॅन्सी हॉपकिन्स यांना प्रयोगासाठी थोडी जास्त जागा हवी होती, मिळत नव्हती. आपल्याला पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी जागा आहे असं त्यांना वाटत होतं, पण वाटण्याला पुरावा लागतो. त्यांनी टेप घेतली आणि प्रयोगशाळा मोजल्या. मग इतर प्राध्यापिका जमल्या, पगार, निधी, जबाबदाऱ्या, सगळ्याचा हिशेब झाला, आणि १९९९ मध्ये एमआयटीने आपल्याच विज्ञान विभागातल्या प्राध्यापिकांच्या स्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला. संस्थेच्या अध्यक्षांनी तो मान्य केला. मोजपट्टीने जे काम केलं ते इतकी वर्षं नुसत्या तक्रारींनी झालं नव्हतं.

आपल्या महाविद्यालयांत हे काम कोणाकडे जातं? बहुतेक ठिकाणी नव्याने लागलेल्या एखाद्या प्राध्यापिकेकडे, किंवा विभागातल्या एकुलत्या एका दलित किंवा आदिवासी सहकाऱ्याकडे, 'तुम्हाला यातलं कळतं' म्हणून. तास तेवढेच, लॅब तेवढ्याच, परीक्षेची कामं तेवढीच, आणि वर हा अतिरिक्त कार्यभार. खोली नाही, लिपिक नाही, निकालाची आकडेवारी मागायचा अधिकार नाही. पदोन्नतीच्या वेळी शोधनिबंधाला गुण मिळतात, पेटंटला मिळतात, पीएचडीच्या विद्यार्थ्याला मिळतात. वर्षभर धावपळ करून चार मुलांचं वर्ष वाचवलं तर ते 'इतर उपक्रम' या एका ओळीत जातं. अशा व्यवस्थेत हुशार, महत्त्वाकांक्षी संशोधक या कामापासून लांब राहतो, आणि मग आपणच म्हणतो की या कामात दर्जा नाही.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेते. संशोधक घडवायला समाजाचे खूप पैसे, खूप वर्षं लागतात. त्याने तडे मोजावेत की शिष्यवृत्तीच्या फाइली? माझे शोधनिबंध पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत, हे खरं आहे, आणि त्या कामाची ओढ अजूनही आहे. पण फाइली पुढे ढकलायला संशोधक नकोच. त्यासाठी पुरेसे कर्मचारी द्या. संशोधक हवा तो प्रश्न विचारायला: गळती कोणत्या सत्रात होते, कोणत्या विषयापाशी, कोणत्या मुलांची, आणि त्याआधी त्यांच्या बाबतीत काय घडलेलं असतं. उपाय केला तर फरक पडला का, की त्या वर्षीची तुकडीच वेगळी होती? हे प्रश्न अवघड आहेत. त्यांना नमुने लागतात, तुलना लागते, स्वतःच्या आवडत्या उत्तरावर संशय घ्यायची सवय लागते. ही सवय आम्हाला पीएचडीने लावली आहे. शिवाय ज्या मुलांना आपण आज गमावतो त्यांच्यातूनच उद्याचे संशोधक यायचे आहेत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. समान संधी कक्षाच्या कामाला अध्यापनाच्या तासांत सूट द्या आणि पदोन्नतीत संशोधनाइतकं मोल द्या. दर सत्राच्या निकालासोबत शिष्यवृत्तीच्या तारखा, प्रवासाचं अंतर आणि गळती यांचा तक्ता, कोणाचं नाव न घेता, विद्यासभेपुढे ठेवा. शिष्यवृत्ती मंजूर झालेल्या मुलाचं हॉल तिकीट फीसाठी अडवू नका, आणि हप्ता येईपर्यंत मेसचे पैसे महाविद्यालयाच्या निधीतून उचलून द्या. पुढे ते परत येतातच. नोट्स टाइप केलेल्या, समीकरणांसह वाचता येतील अशा द्या. लांबून येणाऱ्यांच्या तुकड्यांना सकाळची पहिली लॅब लावू नका. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही, मंत्रालयात खेटे लागत नाहीत. प्राचार्यांची सही आणि विभागप्रमुखांची एक बैठक पुरते. नव्या वर्षाचं वेळापत्रक सगळीकडे जूनमध्ये ठरतं. ती बैठक मेअखेर झाली, तर याच वर्षी येणाऱ्या मुलांना तिचा उपयोग होईल.